पडलेले राज्य, टिकलेले राज्य आणि राज्यशास्त्राचे माप

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साडेचार दशकांत अमेरिकी राज्यशास्त्राने ज्या परकीय राज्याच्या अभ्यासावर सर्वाधिक पैसा आणि बुद्धी खर्च केली ते राज्य म्हणजे सोव्हिएत संघ. आणि ज्या घटनेने या शास्त्राला सर्वांत बेसावध गाठले ती घटना म्हणजे त्याच राज्याचे 1991 मधील विसर्जन. याच काळात या शास्त्राच्या परिघावर आणखी एक मोठे, बहुभाषिक आणि गरीब राज्य होते. त्याच्या लोकशाहीविषयी आणि अखंडतेविषयी अभ्यासकांनी वारंवार शंका घेतल्या, पण भारत नावाचे ते राज्य टिकले. या दोन चुका सहसा वेगवेगळ्या ग्रंथांत आणि वेगवेगळ्या अभ्यासकांच्या नावे मांडल्या जातात. त्या शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे राज्यशास्त्र बदलत्या जगाच्या मागे पडते ते माहितीच्या अभावामुळे की ज्या मापाने ते राज्याचे बळ मोजते त्या मापामुळे, हा प्रश्न अधिक नेमकेपणाने विचारता येतो.

सोव्हिएत अभ्यासाची उभारणी युद्ध संपताच सुरू झाली. 1946 मध्ये कोलंबिया विद्यापीठात रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने रशियाविषयक संस्था स्थापन झाली आणि 1948 मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने हार्वर्डमध्ये तसेच संशोधन केंद्र उभे राहिले, ज्याचे पहिले संचालकपद क्लाइड क्लकहोन या मानववंशशास्त्रज्ञाकडे होते. ज्या समाजाचा अभ्यास करायचा त्या समाजात पाऊल टाकण्याचीच सोय नसल्यामुळे संशोधकांनी आडवाटा शोधल्या. हार्वर्डच्या केंद्राने अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर पश्चिम जर्मनीतील सोव्हिएत निर्वासितांच्या विस्तृत मुलाखती घेतल्या. मर्ल फेन्सॉड यांनी स्मोलेन्स्क येथील कम्युनिस्ट पक्षाचे दप्तर, जे आधी जर्मन सैन्याच्या आणि नंतर अमेरिकी सैन्याच्या हाती पडले होते, वाचून 1958 मध्ये एका प्रांताच्या कारभाराचा ग्रंथ सिद्ध केला. याखेरीज ‘प्राव्हदा’तील ओळींमधले वाचणारी आणि लाल चौकातील संचलनाच्या वेळी कोणता नेता कोणाशेजारी उभा राहिला यावरून सत्तेचा क्रम ताडणारी एक विद्याच तयार झाली, जिला क्रेमलिनविद्या म्हटले गेले. 1957 मध्ये स्पुटनिक आकाशात गेल्यावर पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि परकीय भाषा व प्रदेश यांच्या अभ्यासाकडे सरकारी निधीचा ओघ वळला. माहिती मिळवण्यात हे शास्त्र आळशी होते, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

या माहितीला पहिली सैद्धांतिक चौकट दिली ती कार्ल फ्रीडरिक आणि झ्बिग्निव ब्रेझिन्स्की यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने. सर्वंकषवाद, म्हणजे समाजजीवनाचे एकही अंग सत्तेच्या कक्षेबाहेर राहू न देणारी राज्यपद्धती, सहा लक्षणांनी ओळखता येते, असे त्यांनी मांडले: सर्वव्यापी विचारप्रणाली, बहुधा एका नेत्याच्या हातातला एकमेव पक्ष, दहशतीवर चालणारी पोलीस यंत्रणा, प्रसारमाध्यमांची मक्तेदारी, शस्त्रांची मक्तेदारी आणि केंद्रातून चालवलेली अर्थव्यवस्था. ही मांडणी रेखीव होती आणि स्तालिनच्या रशियाला बऱ्याच अंशी लागूही पडत होती; पण स्तालिन तीन वर्षांपूर्वीच मरण पावला होता आणि ज्या वर्षी ग्रंथ बाहेर आला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ख्रुश्चेव्ह यांनी विसाव्या पक्ष अधिवेशनात बंद दाराआड त्याच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला होता. चौकट पूर्ण झाली तेव्हा तिच्यातले चित्र हलू लागले होते, ही या शास्त्राच्या इतिहासात पुढेही अनेकदा दिसणारी गोष्ट येथे प्रथम ठळकपणे दिसते.

साठच्या दशकात या चौकटीला आव्हान मिळाले, पण ते सोव्हिएत वास्तवापेक्षा शास्त्राच्या अंतर्गत हालचालींमुळे अधिक. डेव्हिड ईस्टन यांनी राजकारणाकडे एक व्यवस्था म्हणून पाहण्याची रीत रूढ केली होती. समाजातून मागण्या आणि पाठिंबा आत येतो, निर्णय बाहेर पडतात आणि त्यांचे पडसाद पुन्हा आत येतात, असे तिचे स्वरूप होते. तिच्याच बरोबरीने वर्तनवादाचा, म्हणजे संविधाने आणि संस्थांच्या वर्णनाऐवजी माणसांचे मोजता येण्याजोगे राजकीय वर्तन अभ्यासण्याच्या पद्धतीचा, प्रभाव वाढत गेला. सोव्हिएत अभ्यासकही मग त्या एकसंध भासणाऱ्या राज्यात हितसंबंधी गट शोधू लागले. गॉर्डन स्किलिंग यांनी 1966 मध्ये तशी मांडणी केली आणि जेरी हफ यांनी 1979 मध्ये फेन्सॉड यांच्या जुन्या पाठ्यग्रंथाचे आमूलाग्र पुनर्लेखन करताना मंत्रालये, प्रांतिक सचिव आणि तज्ज्ञ यांच्यातील देवघेवीवर चालणारे राज्य रंगवले. जुन्या आणि नव्या पक्षांत कडाक्याचा वाद झाला. तरीही एका पक्षाला राज्य दहशतीमुळे स्थिर वाटत होते आणि दुसऱ्याला ते जुळवून घेण्याच्या क्षमतेमुळे; ते स्थिर आहे याविषयी दोघांचेही बहुतांशी एकमत होते. ही सोव्हिएत व्यवस्था बदलेल की कुजेल, असा प्रश्न खुद्द ब्रेझिन्स्की यांनी 1966 मध्ये विचारला होता, हे त्यांच्या श्रेयात जमा केले पाहिजे. परंतु तो प्रश्न विद्याशाखेचा मुख्य प्रश्न झाला नाही.

सॅम्युअल हंटिंग्टन यांच्या 1968 मधील गाजलेल्या ग्रंथाने स्थैर्याचे हे माप उघडपणे बोलून दाखवले. राज्याराज्यांतील महत्त्वाचा भेद राज्यपद्धतीचा नसून राज्य प्रत्यक्षात किती चालते याचा आहे, असे सांगून त्यांनी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांना एका पंगतीत बसवले. सत्ता किती दूरवर पोहोचते, आज्ञा किती पाळल्या जातात आणि रस्त्यावर किती शांतता आहे, यांवरून राज्याचे बळ ठरवायचे, तर ब्रेझनेव्ह यांचा शांत, शिस्तबद्ध आणि कुरकुर न करणारा देश बलाढ्य ठरणे क्रमप्राप्तच होते.

त्याच वर्षांत अमेरिकी विद्यापीठांतच असंतोष उसळला. व्हिएतनाम युद्ध आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील उद्रेक चालू असताना राज्यशास्त्राची नियतकालिके मतदानाच्या सारण्यांनी भरलेली होती, म्हणून 1967 मध्ये अमेरिकी राज्यशास्त्र संघटनेतील बंडखोरांनी ‘नव्या राज्यशास्त्रासाठी’ एक गट स्थापन केला, आणि 1969 मध्ये संघटनेचे अध्यक्ष म्हणून बोलताना, वर्तनवादाचे एक प्रमुख शिल्पकार असलेल्या ईस्टन यांनीच वर्तनवादोत्तर क्रांतीची घोषणा केली. प्रस्तुतता आणि कृती हे तिचे दोन मंत्र होते. भारतीय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत हे भाषण आजही शिकवले जाते. मात्र प्रस्तुतता म्हणजे अमेरिकेपुढचे प्रश्न, इतकाच अर्थ तेव्हा प्रामुख्याने घेतला गेला आणि सोव्हिएत अभ्यासाच्या चाकोरीला त्या क्रांतीची झळ फारशी लागली नाही.

भारताच्या बाबतीत हेच माप उलट्या दिशेने चुकत होते. आर्थिक विकास आणि लोकशाही यांचा सांधा जोडणारा सेमूर मार्टिन लिप्सेट यांचा 1959 मधील निबंध शास्त्रात पायाभूत ठरला. संपत्ती, शहरीकरण, औद्योगिकीकरण आणि शिक्षण यांची पातळी उंच असली की लोकशाही टिकण्याचा संभव वाढतो, हे त्याचे सार होते आणि या चारही कसोट्यांवर भारत तळाशी होता. पुढच्याच वर्षी पत्रकार-अभ्यासक सेलिग हॅरिसन यांचा भारतापुढील धोकादायक दशकांविषयीचा ग्रंथ आला आणि त्यात भाषिक व प्रादेशिक निष्ठांमुळे देशाची एकता पणाला लागेल ही भीती मध्यवर्ती होती. ती भीती निराधार नव्हती. आंध्रसाठी उपोषण करणाऱ्या पोट्टी श्रीरामुलू यांचा डिसेंबर 1952 मध्ये मृत्यू झाला होता आणि मुंबईच्या रस्त्यांवर संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे गोळीबारात पडली होती. तरीही ज्या वर्षी हे पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, 1 मे 1960 रोजी, महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये अस्तित्वात आली आणि तो प्रश्न मुख्यतः मिटला. आंदोलकांनी समिती स्थापन केली, 1957 च्या निवडणुकीत सत्ताधारी काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात जबर तडाखा दिला आणि मागणी मान्य होताच ती समिती विरत गेली. बाहेरून पाहणाऱ्याला जे विघटनाचे लक्षण दिसत होते ते आतून पाहता राज्यात सामील होण्याची एक रीत होती. पण रस्त्यावरची शांतता मोजणाऱ्या मापात असा कलह बळाच्या बाजूला मांडण्यास जागाच नव्हती.

भारतीय अभ्यासकांना ही जागा करून घ्यावी लागली. रजनी कोठारी यांनी 1963 मध्ये दिल्लीत विकसनशील समाज अध्ययन केंद्राची स्थापना केली आणि 1964 मध्ये ‘काँग्रेस व्यवस्था’ ही संकल्पना मांडली: एका पक्षाचे वर्चस्व असूनही स्पर्धा जिवंत राहते, कारण सत्ताधारी पक्षातील गट आणि त्यांच्यावर बाहेरून दबाव आणणारे विरोधी पक्ष मिळून ती चालवतात. आयात केलेल्या वर्गवारीत न बसणाऱ्या राजकारणाला स्वतःची संकल्पना देणारे हे काम होते. मात्र काळाच्या मागे पडण्याचा शाप केवळ पाश्चात्त्यांनाच होता असे नाही. तीन वर्षांतच, 1967 च्या निवडणुकांत, काँग्रेसने अनेक राज्ये गमावली. कोठारी यांनी आपल्या सिद्धांताचा दहा वर्षांचा आढावा डिसेंबर 1974 मध्ये प्रसिद्ध केला आणि जून 1975 मध्ये आणीबाणी जाहीर झाली. हंटिंग्टन यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे ठरेल, की काँग्रेस पक्ष आणि सनदी सेवा यांमुळे भारत आपल्या दारिद्र्याच्या मानाने पुष्कळ संस्थाबद्ध आहे, हे त्यांनी ओळखले होते.

सोव्हिएत संघाच्या अंताची चाहूल ज्यांना लागली ते बहुतेक या विद्याशाखेच्या बाहेरचे होते. आंद्रेई अमालरिक या मॉस्कोतील बंडखोर लेखकाने 1969 मध्ये, सोव्हिएत संघ 1984 पर्यंत टिकेल काय, असे विचारणारा निबंध लिहिला. एमॅन्युएल टॉड या तरुण फ्रेंच अभ्यासकाने 1976 मध्ये वाढत्या बालमृत्युदरासारख्या आकड्यांवरून त्या व्यवस्थेच्या अंताचे भाकीत केले, आणि एलेन कारेर दांकोस या फ्रेंच इतिहासकार विदुषीने 1978 मध्ये राष्ट्रीयतांच्या प्रश्नावर साम्राज्य तडकेल असे लिहिले. यांपैकी कोणाचेही गणित पूर्णपणे बरोबर नव्हते. अमालरिक यांनी चीनशी युद्धाची कल्पना केली होती, जे झाले नाही. दांकोस यांची नजर वेगाने वाढणाऱ्या मध्य आशियाई मुस्लीम लोकसंख्येकडे होती, आणि प्रत्यक्षात पहिली फळी बाल्टिक प्रजासत्ताकांनी धरली, तर मध्य आशिया शेवटपर्यंत संघाला चिकटून राहिला. तरीही त्यांनी जो प्रश्न धरला होता तो योग्य होता.

मार्च 1985 मध्ये गोर्बाचेव्ह पक्षाचे सरचिटणीस झाले, तेव्हा पाश्चात्त्य अभ्यासकांचे लक्ष सुधारक विरुद्ध कर्मठ या मॉस्कोतील झगड्याकडे लागले. डिसेंबर 1986 मध्ये कझाकस्तानचे पक्षप्रमुख कुनाएव्ह यांना हटवून बाहेरून आणलेल्या कोल्बिन या रशियन अधिकाऱ्यास त्यांच्या जागी बसवल्यावर अल्मा-अता येथे तरुण रस्त्यावर उतरले; 1988 च्या फेब्रुवारीत नागोर्नो-काराबाखवरून आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात वैर पेटले; 23 ऑगस्ट 1989 रोजी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया यांतील लाखो लोकांनी हातात हात गुंफून तिन्ही राजधान्या जोडणारी साखळी केली. ज्यांना रशियन भाषा येत होती, ज्यांच्या ओळखी मॉस्को आणि लेनिनग्राडमध्ये होत्या आणि ज्यांच्या लेखी प्रजासत्ताकांची स्वायत्तता कागदोपत्रीच होती, त्या अभ्यासकांना या घटना सुधारणांच्या कथेतील अडथळ्यांसारख्या दिसल्या. मार्च 1990 मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य घोषित केले, जूनमध्ये खुद्द रशियन प्रजासत्ताकाने सार्वभौमत्व जाहीर केले, 1991 च्या ऑगस्टमधील बंड तीन दिवसांत फसले, 1 डिसेंबरच्या सार्वमतात युक्रेनच्या 90 टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला आणि 8 डिसेंबरला बेलोवेझ येथे तीन स्लाव प्रजासत्ताकांच्या नेत्यांनी संघ संपल्याचे जाहीर केले.

यानंतरची काही वर्षे आत्मपरीक्षणाची होती. जॉन लुईस गॅडिस या इतिहासकाराने आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या सर्व प्रमुख सिद्धांतांना शीतयुद्धाच्या शेवटावर घासून पाहिले आणि एकही कसोटीला उतरला नाही असा निर्वाळा दिला. द्विध्रुवीय जग, म्हणजे दोन महासत्तांमध्ये विभागलेले जग, अधिक स्थिर असते असे 1979 मध्ये मांडणाऱ्या केनेथ वॉल्ट्झ यांच्यावर त्याचा आघात विशेष होता. फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाला वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल वाटले: गोर्बाचेव्ह यांचे येणे ना उदारमतवाद्यांनी ओळखले ना परंपरावाद्यांनी, आणि तरीही आपल्या सिद्धांतानुसार हे घडणारच होते, असे दोघेही नंतर सांगत होते. वीस वर्षे 284 तज्ज्ञांची भाकिते गोळा करून त्याने 2005 मध्ये दाखवले, की एका मोठ्या कल्पनेला घट्ट धरून बसणाऱ्यांपेक्षा अनेक लहान गोष्टी जुळवत राहणाऱ्यांचे अंदाज बरे ठरतात, आणि लांब पल्ल्यावर तेही डळमळतात. तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने तर 1991 मध्येच असे सुचवले होते, की जेथे लोक भीतीपोटी आपले खरे मत दडवतात तेथे क्रांती स्वभावतःच अनपेक्षित असते, कारण शेजाऱ्याच्या मनात काय आहे हे खुद्द नागरिकालाही ठाऊक नसते. हा युक्तिवाद खरा आहे. पण तो राज्यशास्त्राला जरा फार स्वस्तात सोडून देतो. क्रांतीचा महिना आणि वार सांगता न येणे वेगळे, आणि पंधरा प्रजासत्ताकांपैकी चौदांकडे जवळजवळ न पाहणे वेगळे.

नेमके तिकडे पाहणारे काम पतनानंतर झाले आणि ते उत्तम झाले. रॉजर्स ब्रुबेकर, व्हॅलरी बन्स, मार्क बायसिंगर यांच्या लेखनातून हळूहळू स्पष्ट झाले, की सोव्हिएत संघराज्य कागदोपत्री असले तरी त्या कागदाने प्रजासत्ताक लाभलेल्या राष्ट्रीयतांना सीमा, विधिमंडळ, विज्ञान अकादमी, नोकरशाहीतील राखीव पदे आणि 1977 च्या संविधानातील 72 व्या कलमाने फुटून निघण्याचा हक्कही दिला होता. पक्षाची पकड सुटताच ही सारी कागदी घरे राहती झाली. हुआन लिन्झ आणि आल्फ्रेड स्टेपान यांनी 1992 मध्ये आणखी एक बाजू उजेडात आणली. स्पेनमध्ये हुकूमशाही संपल्यावर 1977 मध्ये आधी देशव्यापी निवडणूक झाली आणि बास्क व कॅटलान प्रदेशांतील निवडणुका 1980 मध्ये झाल्या, त्यामुळे प्रादेशिक मागण्यांशी बोलण्यास लोकांनी निवडलेले एक केंद्र उभे होते. सोव्हिएत संघात 1989 च्या लोकप्रतिनिधी सभेतील 2,250 पैकी 750 जागा पक्ष आणि अन्य संघटनांसाठी राखीव होत्या आणि विरोधी पक्षांना वाव नव्हता. खऱ्या चुरशीच्या निवडणुका 1990 मध्ये प्रजासत्ताकांत झाल्या, म्हणून लोकमताचे बळ येल्त्सिन यांच्यासारख्या प्रादेशिक नेत्यांकडे गेले, आणि जनतेने कधीच न निवडलेले गोर्बाचेव्ह पोकळ केंद्रावर उरले.

या दृष्टीने भारताकडे पाहिले, की हॅरिसन यांची भीती का खोटी ठरली हे समजते. काँग्रेसने 1920 च्या नागपूर अधिवेशनापासून आपल्या प्रांतिक समित्या भाषावार रचल्या होत्या, 1951-52 मध्ये प्रौढ मताधिकाराने सर्व देशाची निवडणूक झाली आणि त्यानंतर, निवडून आलेल्या केंद्राशी भांडून, भाषिक राज्ये मिळवली गेली. सोव्हिएत पक्षाची रचना याच्या उलट होती. तिच्यात रशियाला स्वतःचा वेगळा कम्युनिस्ट पक्षदेखील जून 1990 पर्यंत नव्हता. ही तुलना 1960 मध्येही करता आली असती. ती झाली नाही, कारण एक देश साम्यवादी जगाच्या तज्ज्ञांकडे होता आणि दुसरा विकसनशील जगाच्या, आणि दोन्ही विभाग एकाच मजल्यावर असले तरी त्यांची नियतकालिके वेगळी होती.

विद्याशाखेने धडा घेतला, पण बराचसा उलटाच. नव्वदच्या दशकात, प्रदेशाचे तपशीलवार ज्ञान अपुरे ठरले म्हणून गणिती प्रतिमाने आणि विवेकनिष्ठ निवड सिद्धांत, म्हणजे प्रत्येक व्यक्ती लाभहानीचा हिशेब करून वागते असे धरून चालणारी मांडणी, यांना अधिक मान मिळाला. ऑक्टोबर 2000 मध्ये ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’ अशी सही असलेले एक निनावी पत्र अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांमध्ये फिरले. अमेरिकी राज्यशास्त्र संघटनेचे मुखपत्र मूठभर संख्याशास्त्रीय पद्धतींच्या कह्यात गेल्याची आणि संघटनेतच खऱ्या निवडणुका होत नसल्याची त्यात तक्रार होती. शेकडो प्राध्यापक त्यामागे उभे राहिले, 2003 मध्ये व्यापक वाचकांसाठी दुसरे नियतकालिक निघाले आणि त्याच सुमारास संघटनेच्या अध्यक्षपदी सुझन रुडॉल्फ आल्या, ज्यांचे सारे आयुष्य भारताच्या, विशेषतः राजस्थानच्या, अभ्यासात गेले होते. आपल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी पन्नासच्या दशकात मद्रास राज्यात केलेल्या सर्वेक्षणाचा दाखला देऊन, प्रत्येक माणसाचे खासगी असे एक मत असते हे गृहीतकच परदेशातून आणलेले होते, हे दाखवले.

लिन्झ आणि स्टेपान यांनी योगेंद्र यादव यांच्यासह 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारत परिघावरून मध्यावर आला. एक राष्ट्र, एक राज्य या प्रारूपाशेजारी त्यांनी ‘राज्य-राष्ट्र’ ठेवले, म्हणजे अनेक राष्ट्रीय ओळखी कायम ठेवून सर्वांना आपलेसे वाटणारे राज्य, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणून भारताचा उपयोग केला. त्याच ग्रंथात युक्रेनवरही प्रकरण आहे आणि वांशिक नात्याचा दावा सांगणारे बलाढ्य शेजारी राष्ट्र असेल तेथे अशी संघराज्यात्मक मोकळीक कितपत परवडते, हा विचार त्यात केलेला आहे. तीन वर्षांनी रशियाने क्रिमिया घेतला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये संपूर्ण आक्रमण केले. पुढच्या वर्षी स्लाव आणि युरेशियाई अभ्यासांच्या अमेरिकेतील मुख्य संघटनेने आपल्या अधिवेशनाचा विषय निर्वसाहतीकरण हा ठेवला. मॉस्कोतून आणि रशियन भाषेतून साऱ्या प्रदेशाकडे पाहण्याची सवय अजून सुटलेली नाही, ही तेथील चर्चांमागची मुख्य तक्रार होती, आणि अल्मा-अतातील तरुण रस्त्यावर उतरले त्याला तेव्हा छत्तीस वर्षे होऊन गेली होती.